रिस्क-फाइव्ह व्हेक्टरच्या कंपायलर टेस्ट: रिव्ह्यू करताना नेमकं काय बघायचं?

खाडीकाठ, रत्नागिरी

नमस्कार मंडळी,

गणपतीला घरी आलेल्या आपल्या काही मुलामुलींनी रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर आराखड्याच्या व्हेक्टर (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) इन्स्ट्रक्शनसाठी एलएलव्हीएम आणि जीसीसी या कंपायलरमध्ये टेस्ट लिहायला घेतल्यात. देवगड, कुडाळ, चिपळूण असे सगळीकडून पॅच येताहेत. अपस्ट्रीमला, म्हणजे मूळ प्रकल्पाकडे, पाठवण्याआधी ते इथेच एकमेकांकडून तपासून घ्यायचे असं ठरलंय, म्हणून हा धागा.

आलेले पॅच वाचताना एक गोष्ट खटकली. टेस्ट पास झाली की सगळे खूश. पण ती टेस्ट नापास कधी होईल, असं विचारलं की उत्तर येत नाही. माझ्या मते हे उत्तर देता येत नसेल तोवर टेस्ट लिहून झालेलीच नाही, आणि रिव्ह्यू करणाऱ्याने सर्वात आधी तेच विचारावं.

नव्यांसाठी थोडक्यात. व्हेक्टर एक्स्टेन्शनची १.० आवृत्ती २०२१ च्या अखेरीस मंजूर झाली. त्यात ३२ व्हेक्टर रजिस्टर आहेत, पण एक रजिस्टर किती बिटांचं हे चिप बनवणाऱ्यावर सोडलंय. अ‍ॅप्लिकेशन प्रोसेसरसाठी किमान १२८ बिट, वर ६५,५३६ पर्यंत, फक्त दोनाचा घात हवा. प्रोग्रॅम 'व्हीसेटव्हीएलआय' ही इन्स्ट्रक्शन वापरून विचारतो: मला इतके घटक करायचेत, प्रत्येक घटक इतक्या बिटांचा, इतकी रजिस्टर एकत्र जोड (हा एलएमयूएल, १/८ पासून ८ पर्यंत). प्रोसेसर उत्तर देतो: या फेरीत इतके करतो. तो आकडा म्हणजे व्हीएल.

आता आलेल्यांपैकी एक टेस्ट बघू. ३२ बिटी पूर्णांकांची बेरीज करणारा लूप, एलएमयूएल १, मशीन १२८ बिटी. म्हणजे एका फेरीत जास्तीत जास्त ४ घटक. टेस्टमधला अ‍ॅरे ८ घटकांचा, सगळे १. उत्तर ८ आलं, पास.

तोच लूप १० घटकांवर चालवा. फेऱ्या होतात ४, ४, २. शेवटच्या फेरीत व्हीएल २, त्यामुळे बेरीज साठवणाऱ्या रजिस्टरमधले मागचे दोन घटक 'टेल'मध्ये, म्हणजे व्हीएलच्या पलीकडच्या भागात, गेले. कंपायलरने तिथे 'टेल अ‍ॅग्नॉस्टिक' लावलं असेल तर मशीनला मोकळीक आहे: जुनी किंमत तशीच ठेव, नाहीतर सगळे बिट १ करून टाक. सगळे बिट १ म्हणजे चिन्हासहित पूर्णांकात −१. जुनी किंमत ठेवणाऱ्या मशीनवर ३+३+२+२, म्हणजे बरोबर १०. दुसऱ्या मशीनवर ३+३−१−१, म्हणजे ४! दोन्ही मशीन नियमाप्रमाणेच वागली. चूक कंपायलरची आहे, तिथे 'टेल अनडिस्टर्ब्ड' हवं होतं. आणि ८ घटकांच्या टेस्टमध्ये टेलच नसल्यामुळे ही चूक तिला जन्मात दिसणार नाही.

क्यूईएमयू या सिम्युलेटरमध्ये आपण काही सांगितलं नाही तर टेलची जुनी किंमत तशीच राहते. पण सीपीयूच्या पर्यायांत 'आरव्हीव्ही_टीए_ऑल_१एस' आहे, तो चालू केला की टेलमध्ये सगळे १ भरले जातात. मास्क लावून वगळलेल्या घटकांसाठी तसाच 'आरव्हीव्ही_एमए_ऑल_१एस'. आपल्या प्रत्येक रन टेस्टने (प्रत्यक्ष चालवून बघायच्या टेस्टने) या दोन्हींसकट पास व्हावं असं मला वाटतं. तुमचं मत सांगा.

आंबेमोहोर, देवगड

दादा, छान समजावलंत. पण मग अ‍ॅरे किती घटकांचा ठेवायचा? सरसकट १० ठेवून चालेल का?

सुरंगी, वेंगुर्ले

नाही चालणार. २५६ बिटी मशीनवर एका फेरीत ८ घटक बसतात, तिथे १० चा अर्थच बदलतो. टेस्टने मशीनला विचारून आकडा ठरवावा. 'व्हीएलईएनबी' या रजिस्टरमधून व्हेक्टर रजिस्टर किती बाइटांचं ते कळतं, त्यावरून एका फेरीची कमाल काढायची. मग कमालपेक्षा एक कमी, कमालीएवढे, एक जास्त, दुप्पटीला एक कमी, दुप्पट, असे सगळे आकडे चालवायचे.

मधली जागा मुद्दाम सांगते. मागणी कमालपेक्षा जास्त पण दुपटीपेक्षा कमी असेल तेव्हा मशीनने कमालच द्यावी असं बंधन नाही. निम्म्याहून कमी देऊ नये एवढंच. म्हणजे कमाल ४ आणि उरलेले ६ असतील तर एक मशीन ४ आणि २ करेल, दुसरं ३ आणि ३. दोन्ही ग्राह्य. 'आधी पूर्ण फेऱ्या, मग उरलेले' असं गृहीत धरलेला कोड दुसऱ्या मशीनवर मोडतो. क्यूईएमयूच्या नव्या आवृत्त्यांत यासाठीही पर्याय आहे, 'आरव्हीव्ही_व्हीएल_हाफ_एव्हीएल'. खाडीकाठ यांचं वरचं उदाहरण त्यावर आणि टेलमध्ये १ भरून चालवलं तर फेऱ्या ४, ३, ३ होतात आणि चुकीचं उत्तर ४ च्या ऐवजी ८ येतं. करून बघा, वहीत मांडलंत तरी कळेल.

आणि शून्य विसरू नका. व्हीएल शून्य असेल तर व्हेक्टर इन्स्ट्रक्शन लक्ष्य रजिस्टरमध्ये काहीच लिहीत नाही, टेलसुद्धा नाही. रजिस्टरमधल्या घटकांची बेरीज करणारी 'व्हीरेडसम'ही नाही. रिकाम्या अ‍ॅरेची बेरीज ० यायला हवी आणि रजिस्टरमध्ये आधीचं काहीतरी पडलेलं असतं. इथे कंपायलर हमखास घसरतात.

आंबेमोहोर, देवगड

ताई, हे लिहून ठेवलं. अजून एक: सगळे १ घेण्याऐवजी रँडम आकडे घेतले तर?

सुरंगी, वेंगुर्ले

रँडमने चूक पकडली जाईल, पण कुठे झाली ते कळणार नाही. बेरजेसाठी मी दोनाचे घात घेते: १, २, ४, ८ असे ५१२ पर्यंत. दहा घटकांची बेरीज १०२३. वरच्या चुकीच्या कोडचं उत्तर येईल ८१७. आता १०२३ मधून ८१७ वजा करा, २०६. त्यातले २ हे दोन टेल घटकांच्या −१ चे. उरले २०४, म्हणजे ४+८+६४+१२८. तिसरा, चौथा, सातवा आणि आठवा घटक हरवला! चार-चारच्या फेऱ्या डोळ्यांसमोर आणा, हे चारही शेवटच्या दोन लेनमधले (लेन म्हणजे रजिस्टरमधली घटकाची जागा). टेस्ट नापास झाली तेव्हाच तिने दोषाचा पत्ता दिला.

'व्हीआरगॅदर' किंवा 'व्हीस्लाइडअप'सारख्या जागा बदलणाऱ्या इन्स्ट्रक्शनना तर सगळे आकडे वेगळे हवेतच. सगळे सारखे ठेवले तर लेनची कितीही अदलाबदल झाली तरी पत्ता लागत नाही.

वाशिष्ठी, चिपळूण

चर्चा उत्तम चाललीय, पण एक गल्लत होतेय. एलएलव्हीएमच्या मुख्य रिपॉझिटरीतल्या कोडजेन टेस्ट (कंपायलर कोणता कोड काढतो ते बघणाऱ्या) चालवल्या जात नाहीत. तिथे आयआर (कंपायलरचं मधल्या टप्प्यातलं रूप) देऊन असेंब्ली काढतात आणि फाइलचेक ती असेंब्ली ताडून बघतो. प्रत्यक्ष चालवायच्या टेस्टसाठी वेगळी 'एलएलव्हीएम टेस्ट सूट' आहे. देवगडच्या मुलाचा पॅच रन टेस्ट म्हणून मुख्य रिपॉझिटरीत गेला तर तो परत येईल, आणि मुलं नाउमेद होतील.

माझ्या मते याच दोषाची कोडजेन टेस्ट अगदी छोटी हवी. लूप नको, एकच बेरीज, आणि त्यावरच्या व्हीसेटव्हीएलआयमध्ये 'टीए' (टेल अ‍ॅग्नॉस्टिक) आलं की 'टीयू' (टेल अनडिस्टर्ब्ड) एवढंच बघायचं. दहा ओळींचं आयआर. अख्खा लूप टाकलात तर उद्या कोणी अनरोलिंग (लूप उलगडण्याची पद्धत) बदललं की तुमची टेस्ट कारण नसताना बदलेल.

खाडीकाठ, रत्नागिरी

वाशिष्ठी, मान्य. दोन्ही टेस्ट हव्यात आणि दोन वेगळ्या जागी हव्यात. जीसीसीत मात्र दोन्ही प्रकार एकाच झाडाखाली राहतात, फाइलच्या डोक्यावर 'डीजी-डू कंपाइल' की 'डीजी-डू रन' ते लिहायचं.

तरी केवळ असेंब्ली बघून भागत नाही याचं एक उदाहरण देतो. रुंदावणारी बेरीज, 'व्हीडब्ल्यूअ‍ॅड'. स्रोत १६ बिटी एका रजिस्टरमध्ये, उत्तर ३२ बिटी, म्हणून दोन रजिस्टरांत, समजा व्ही८ आणि व्ही९. स्रोत व्ही९ मध्ये असेल तर चालतं, वरच्या अर्ध्यावर ओव्हरलॅप करायला परवानगी आहे. व्ही८ मध्ये असेल तर ते नियमबाह्य. पण रजिस्टरांचा गट किती मोठा हे आधीच्या व्हीसेटव्हीएलआयवर ठरतं, इन्स्ट्रक्शनमध्ये ते लिहिलेलं नसतं. त्यामुळे असेंब्लरला सगळे ओव्हरलॅप दिसत नाहीत. स्पाइक सिम्युलेटरवर चालवलं की मग इल्लीगल इन्स्ट्रक्शन म्हणून बोंब होते.

गुहागरची वाट

वाचनखूण साठवली. पुढचं वाचायला उत्सुक.

आप्पा, दापोली

मी या क्षेत्रातून निवृत्त झालोय, नवीन काही माहीत नाही, पण वाचून आनंद झाला. व्हेक्टर लेंग्थ रजिस्टर ही कल्पना आमच्या काळची. १९७६ च्या क्रे-१ मध्ये आठ व्हेक्टर रजिस्टर होते, प्रत्येकात ६४ बिटांचे ६४ घटक, आणि लांबी सांगायला वेगळं रजिस्टर. आम्ही लूपचे ६४-६४ चे तुकडे पाडायचो आणि उरलेला लहान तुकडा बऱ्याचदा आधी करून घ्यायचो. पण तिथे ६४ हा आकडा पक्का होता. तुमच्याकडे मशीनच आकडा ठरवतं, त्यामुळे तुमची परीक्षा आमच्यापेक्षा कठीण. एक विचारतो, वेगवेगळ्या रुंदीची मशीन तुम्हाला मिळतात तरी कुठे?

सुरंगी, वेंगुर्ले

काका, बरंचसं काम सिम्युलेटरवरच भागतं. क्यूईएमयूला 'व्हीएलईएन' सांगितलं की तेवढ्या रुंदीचं मशीन मिळतं. १२८, २५६, ५१२, १०२४ अशा चार रन प्रत्येक टेस्टच्या कराव्यात. लहान तुकडा आधी करण्याची तुमची पद्धत मात्र टेस्टमध्ये घालण्यासारखी आहे. व्हीएल वाढत जातो अशी टेस्ट मी अजून पाहिली नाही, सगळ्यांत तो कमीच होत जातो.

माजगाव, सावंतवाडी

माझ्याकडे बनाना पाय बीपीआय-एफ३ आहे. त्यातला स्पेसमिट के१ प्रोसेसर २५६ बिटी, आरव्हीव्ही (रिस्क-फाइव्ह व्हेक्टर) १.० वाला. ज्यांना खऱ्या चिपवर चालवून हवं असेल त्यांनी बायनरी पाठवा. लाइट असेल तेव्हा चालवून देईन. जुन्या सी९०६ च्या बोर्डावरचे निकाल कृपया या धाग्यात आणू नका, तिथे व्हेक्टरची ०.७.१ आवृत्ती आहे आणि ती १.० शी जुळत नाही.

कुडाळकर

ह्यां माका आधी कोणी सांगूक नाय! मी चेकच्या (अपेक्षित असेंब्लीच्या) ओळी हातानेच लिहीत बसलेलो. आता कळलं की एलएलव्हीएममध्ये 'अपडेट_एलएलसी_टेस्ट_चेक्स' नावाची पायथन स्क्रिप्ट आहे, ती आपोआप सगळ्या ओळी भरते. मग रिव्ह्यू करणाऱ्याला करायला उरतं काय?

खाडीकाठ, रत्नागिरी

तिथूनच खरं काम सुरू होतं रे. ती स्क्रिप्ट कंपायलरने जे काढलं ते जसंच्या तसं उतरवते. कंपायलर चुकला असेल तर चुकीचंच उत्तर 'अपेक्षित' म्हणून फाइलमध्ये बसतं आणि पुढे वर्षानुवर्षं ती टेस्ट चुकीचं राखत बसते. म्हणून स्क्रिप्ट जरूर वापर, पण आलेल्या असेंब्लीची ओळ न् ओळ वाच. वाचून समजत नसेल एवढी मोठी झाली असेल तर टेस्टच मोठी आहे, कापायला हवी.

आणि पॅच दोन भागांत दे. पहिल्यात फक्त टेस्ट, आजच्या कंपायलरच्या आउटपुटसह, ते वाईट असलं तरी. दुसऱ्यात कंपायलरमधला बदल आणि पुन्हा काढलेल्या चेक ओळी. म्हणजे दुसऱ्या पॅचच्या डिफमध्ये रिव्ह्यूअरला नेमकं दिसतं: इथे दोन व्हीसेटव्हीएलआय होत्या, एक गेली. एकाच पॅचमध्ये सगळं आलं तर आधी काय होतं तेच कळत नाही. माझ्या अनुभवात रिव्ह्यू लवकर होण्यासाठी याच्याइतकी उपयोगी सवय दुसरी नाही.

बारीकसारीक: नव्या टेस्टमध्ये 'अनडेफ' नको, 'पॉयझन' वापर. फंक्शनला 'नोअनवाइंड' लाव म्हणजे सीएफआयच्या (स्टॅक उलगडण्याच्या माहितीच्या) ओळींचा कचरा येत नाही.

सुरंगी, वेंगुर्ले

हाताने लिहिलेल्या तपासण्यांबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण जीसीसीत 'स्कॅन-असेंब्लर' (असेंब्लीत पॅटर्न शोधणारी तपासणी) अजून भरपूर वापरतात.

पॅटर्न म्हणजे जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक. फार बारीक ठेवला तर कचराही अडकतो, म्हणजे रजिस्टरचा नंबर बदलला तरी टेस्ट पडते. फार मोठा ठेवला तर जे पकडायचं तेच निसटतं. आलेल्या पॅचमधली दोन निसटलेली उदाहरणं देते.

पहिलं. पॅटर्न होता नुसता 'व्हीअ‍ॅड'. फंक्शनचं नाव होतं 'टेस्ट_व्हीअ‍ॅड'. असेंब्लीत फंक्शनच्या नावाचं लेबल येतं, पॅटर्न तिथेच जुळला! कंपायलरने साधा स्केलर (एकेका घटकाचा) लूप काढला असता तरी ही टेस्ट पास झाली असती. पॅटर्नमध्ये पूर्ण इन्स्ट्रक्शन घ्या, टिंबानंतरच्या 'व्हीव्ही' किंवा 'व्हीएक्स'सकट, टिंब एस्केप करून, आणि पुढे व्हेक्टर रजिस्टर अपेक्षित ठेवा.

दुसरं जास्त फसवं आहे. कंपायलरने जादा व्हीसेटव्हीएलआय काढू नये याची टेस्ट. लिहिलं होतं: व्हीसेटव्हीएलआय कुठेही दिसता कामा नये. पण घटकांची संख्या ३१ पर्यंतचा स्थिरांक असेल तर कंपायलर वेगळी इन्स्ट्रक्शन वापरू शकतो, 'व्हीसेटआयव्हीएलआय'. मधल्या एका 'आय'मुळे पॅटर्न जुळत नाही. म्हणजे जादा इन्स्ट्रक्शन समोर बसलेली असूनही टेस्ट पास. शिवाय 'दिसू नये' असं सांगणारी टेस्ट अख्खं फंक्शन ऑप्टिमायझरने पुसून टाकलं तरी पास होते. म्हणून 'नको' सांगणाऱ्या प्रत्येक तपासणीसोबत एक 'हवं' सांगणारी तपासणी असावी.

फ्लोटिंग पॉइंटच्या बेरजेलाही हेच. 'व्हीएफरेडओसम' क्रमाने बेरीज करते, 'व्हीएफरेडयूसम'ला क्रमाचं बंधन नाही. एका अक्षराचा फरक, पण फास्ट-मॅथ (बेरजेचा क्रम बदलायची सूट) दिलेलं नसताना दुसरी आली तर तो बग आहे. सैल पॅटर्न दोन्हींना जुळतो.

आंबेमोहोर, देवगड

सगळ्या प्रकारांसाठी टेस्ट लिहायच्या म्हटलं तर किती होतील? मी ८, १६, ३२, ६४ बिट आणि सात एलएमयूएल असं धरून २८ काढले.

वाशिष्ठी, चिपळूण

२२ होतात. घटक मोठा झाला की लहान अपूर्णांकी एलएमयूएल गळतात: ८ बिटींना सात, १६ ला सहा, ३२ ला पाच, ६४ ला चार. चिन्हासहित आणि चिन्हरहित धरून ४४, मग मास्क, मग टेल-मास्कच्या धोरणांचे प्रकार. हे हाताने लिहूही नका आणि वाचूही नका. जनरेटर लिहा आणि रिव्ह्यूला जनरेटरही द्या. मी तर म्हणेन की २२ पैकी टोकाचे तेवढे हाताने बघा: सर्वात लहान अपूर्णांक, १, आणि ८. एलएमयूएल ८ ला ३२ रजिस्टरांचे फक्त चार गट होतात, आणि मास्क लागला की तो व्ही० मध्येच हवा, म्हणजे एक गट गेला. उरले तीन. स्पिलिंगचे (रजिस्टर अपुरी पडली की किंमती मेमरीत ठेवण्याचे) बग तिथेच सापडतात.

गुहागरची वाट

एक व्यवहाराचा प्रश्न. आमच्याकडे पावसात लाइटचा भरवसा नाही, नेट त्याहून नाही. एलएलव्हीएम बिल्ड करायला लॅपटॉप पुरतो का?

माजगाव, सावंतवाडी

पुरतो. क्लोन करताना डेप्थ १ द्या, सगळा इतिहास उतरवू नका. बिल्डमध्ये टार्गेट फक्त रिस्क-फाइव्ह ठेवा, बाकीचे आर्किटेक्चर गाळा. लिंक करताना रॅम संपते म्हणून एका वेळी एकच लिंक होऊ द्या. निन्जा अर्ध्यात थांबला तरी पुढच्या वेळी झालेलं पुन्हा करत नाही, त्यामुळे लाइट गेली तरी फार वाया जात नाही. टेस्टसाठी क्लँगची गरज नाही, एलएलसी आणि फाइलचेक बिल्ड केलेत तरी काम सुरू होतं.

आंबेमोहोर, देवगड

सगळ्यांचं वाचून माझा पॅच असा बदलतोय, बघून सांगा.

कोडजेन टेस्टमध्ये एकच फंक्शन, एकच बेरीज, व्हीसेटव्हीएलआयमध्ये 'टीयू' अपेक्षित. आधी आजच्या आउटपुटसह वेगळा पॅच. मग कंपायलरमध्ये मुद्दाम 'टीए' करून बिल्ड केलं, टेस्ट पडली, मग ते परत काढलं. रन टेस्टमध्ये आकडे दोनाचे घात, संख्या व्हीएलईएनबीवरून, शून्यासकट. रुंद मशीनवर संख्या ३२ च्या वर जाते तेव्हा ३२ बिटांत दोनाचे घात मावणार नाहीत, म्हणून तिथे घटक ६४ बिटी केलेत. आप्पाकाकांची लहान तुकडा आधी करण्याची फेरीही घातलीय.

खाडीकाठ, रत्नागिरी

मुद्दाम मोडून बघितलंस हे फार आवडलं. ते पॅचच्या वर्णनातही लिही, रिव्ह्यूअरचा वेळ वाचेल.

एकच हरकत. ६४ बिटी केल्याने मूळ ३२ बिटी लूप रुंद मशीनवर तपासलाच जात नाही, कारण ६४ बिटींना कमाल निम्मी होते आणि कोडही वेगळा निघतो.  त्यापेक्षा घटक ३२ बिटीच ठेव आणि अनेक वेळा चालव: प्रत्येक वेळी एकाच घटकात १, बाकी सगळे ०. बेरीज १ आली नाही तर चूक आहे, आणि ज्या घटकाच्या वेळी ती सर्वात कमी आली तो हरवला. टेलमधला −१ सुद्धा त्यात लपत नाही, कारण एका वेळी तपासताना अपेक्षित उत्तर नेहमी १ च असतं आणि टेलमध्ये −१ आला तर ते कमीच येतं. शून्य घटकांची वेगळी फेरी ठेव, तिथे उत्तर ०.

एवढं झालं की माजगावकरांना बायनरी पाठव, आणि सुरंगीताई, तुम्ही जीसीसीच्या बाजूने एकदा नजर टाकाल का?

सुरंगी, वेंगुर्ले

टाकते. पॅच इथेच चिकटव, रविवारी सकाळी बघते. लूपची रन टेस्ट दोन्ही कंपायलरना सारखीच चालेल, फक्त जीसीसीसाठी डोक्यावरच्या डीजी ओळी मी घालून देईन.